पांढऱ्या फडक्यावर एकच भाग

“मागच्या वेळी यात बिघडलं काय होतं?”

आप्पांनी विचारलं.

“चालू होत नव्हता, आप्पा.”

“ते बाईंनी सांगितलं होतं. मी तुला विचारतोय. बिघडलं काय होतं?”

रेवण थांबला.

“रॅम काढून खोडरबरनं साफ केली. एसएमपीएस बदलला. चालू झाला.”

“आधी काय केलंस?”

“दोन्ही एकदमच.”

“का?”

“वेळ वाचतो, आप्पा.”

आप्पा टेबलावरच्या संगणकाकडे बघत राहिले…

हिरेबेळंबचा मठ सीमेवर आहे. अर्धं गाव मराठी बोलतं, अर्धं कानडी, आणि भांडण दोन्हींत होतं. मठात रोज दासोह असतो; येईल त्याला जेवण. स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत कार्यशाळा आहे. शहरातल्या कचेऱ्यांनी टाकून दिलेले संगणक तिथे येतात, दुरुस्त होतात आणि खेड्यांतल्या शाळांत जातात.

निरंजन आप्पा मठाचे स्वामी. भगवी वस्त्रं घेण्याआधी ते तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत. दुरुस्तीला ते कायक म्हणतात. पूजेइतकंच पवित्र काम.

कार्यशाळेचा नियम एकच. टेबलावर तळहाताएवढं पांढरं फडकं अंथरलेलं असतं. ज्या भागाचा संशय, तो काढून फडक्यावर ठेवायचा. मशीन चालू करून बघायचं. तो भाग फडक्यावरून हलल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही.

रेवण जर्मनीत शिकून आला होता. तिकडची नोकरी नाकारून आला होता. आपल्या भागातल्या एकाही शाळेत संगणक धूळ खात पडता कामा नये, हा त्याचा ध्यास. तो खरा होता. दिवसभर राबायचा, जेवायची आठवण राहायची नाही. फक्त ते फडकं त्याला भाबडं वाटे. मागच्या वेळी म्हणूनच त्यानं या संगणकाचं काम टेबलाच्या दुसऱ्या टोकाला केलं होतं.

आज दुपारी तो डोंगराकडच्या शाखामठात निघायचा होता. तिथली नवी कार्यशाळा त्यानं चालवायची होती. जीप अंगणात उभी होती.

आणि तेवढ्यात बिराजदार बाई हा संगणक जुन्या लुगड्यात बांधून, एसटीनं, मांडीवर घेऊन आल्या होत्या.

“आप्पा,” रेवण म्हणाला, “शेल्फवर चांगली मशीन तयार आहेत. बाईंना त्यातलं एक देऊ. सगळा प्रश्न मिटला.”

“मिटेल का हो, बाई?”

बाई दारातच बसल्या होत्या. तालुक्यात त्यांची मूकबधिर मुलांची शाळा. त्यांनी मान हलवली.

“नाही मिटणार, आप्पा. मी मशीनसाठी नाही आले. हिच्यासाठी आले.”

त्यांच्या पदराआड आठ-नऊ वर्षांची एक मुलगी उभी होती. दोन वेण्या, कपाळावर विभूती. तिनं उजव्या हाताचा तळवा तोंडावर घट्ट दाबून धरला होता.

“दात दुखतोय का ओ हिचा?” आतून स्वयंपाकी शिवाण्णानं विचारलं. हातात पळी तशीच.

“नाही ओ, शिवाण्णा. हिनं तोंड बंद केलंय.”

मग बाईंनी सांगितलं.

मुलीचं नाव शांभवी. जन्मापासून ऐकू येत नाही. हातांनी भरभर बोलते, वर्गात सगळ्यांशी भांडते. पण आवाजाचा हट्ट तिचा स्वतःचा. या संगणकावर एक प्रोग्राम आहे. गप्प राहिलं की पडद्यावर सरळ हिरवी रेघ. आवाज केला की रेघेचा डोंगर होतो. तिला तो डोंगर उभा करायचं वेड लागलं. रोज सुट्टीत यायची, माइकसमोर बसायची.

“गुरुवारी तिची आई आली होती,” बाई म्हणाल्या. “हिनं आईला खुर्चीवर बसवलं. पडदा दाखवला. आणि म्हणाली… आई. स्पष्ट. पहिल्यांदा. डोंगर असा वर गेला, आणि पडदा काळा झाला.”

“वीज गेली?”

“नाही. पंखा चालू होता. हेच बंद पडलं. आम्ही सगळे धावलो मशीनकडे. मी बटण दाबतेय, शिपाई वायरी हलवतोय, पोरं ओरडतायत. हिच्याकडे कुणी बघितलंच नाही. तिनं आमची तोंडं बघितली फक्त.”

बाईंनी शांभवीकडे बघून हातानं काहीतरी विचारलं.

शांभवीनं मोकळ्या हातानं उत्तर दिलं. बोट आपल्या गळ्यावर ठेवलं. मग संगणकाकडे दाखवलं. मग मूठ मिटली.

“काय म्हणते?” आप्पांनी विचारलं.

“माझ्या आवाजानं ते मेलं.”

बाईंनी शांभवीला जवळ ओढलं.

“तेव्हापासून हात खाली येत नाही. शिंक आली तरी दाबते. झोपेत हात सुटतो, तर आईला सांगून ठेवलंय, माझ्या तोंडाला रुमाल बांध… नवीन मशीन दिलंत, तर तिला वाटेल, ते खरंच मेलं म्हणून बदललं. आणि नव्या मशीनसमोर ती उभीही राहणार नाही.”

आप्पांनी रेवणकडे पाहिलं.

“शिवाण्णा,” रेवण हळू आवाजात म्हणाला, “जीपवाल्याला सांगा. थोडं थांब म्हणावं.”

“सांगतो. पण तो थांबणाऱ्यातला नाही बघा. जर्मनीची जीप नव्हे ती.”

रेवणनं वायर लावली. बटण दाबलं.

आतला पंखा थरथरला. अर्धा फिरला. थांबला.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. बीप नाही, पडदा नाही…

त्यानं पिशवीतून तपासणीचं कार्ड काढलं. तिकडून आणलेलं. बोर्डावर बसवलं की बिघाडाचा आकडा दाखवतं. बसवलं, बटण दाबलं.

आकडा उमटला नाही.

“आकडाच देत नाही, आप्पा. बोर्ड गेला असणार.”

“आकडा दाखवायला त्याला आधी उठावं लागेल. तो उठत नाहीये. वर विजेचं ओझं किती आहे ते बघ.”

आप्पांनी फडकं त्याच्याकडे सरकवलं.

रेवणनं कार्ड काढलं, पिशवीत ठेवलं. मग सीडीचा ड्राइव्ह सोडवला. फडक्यावर ठेवला. बटण दाबलं. पंखा थरथरला, थांबला.

ड्राइव्ह शेल्फवर गेला.

मग हार्ड डिस्क. फडक्यावर. बटण.

या वेळी पंखा दोनतीनदा अडखळला आणि फिरू लागला. अगदी हळू. पण पडदा काळाच.

रेवणचा हात रॅमकडे गेला. मध्येच थांबला. त्यानं आधी हार्ड डिस्क फडक्यावरून उचलून शेल्फवर ठेवली.

आप्पांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

रॅम फडक्यावर आली. आता कॅबिनेटमध्ये फारसं काही उरलं नव्हतं. बोर्ड, प्रोसेसर, वीज पुरवणारा तो एसएमपीएसचा डबा, आणि कागदी पडद्याचा एक लहानसा स्पीकर.

बटण दाबलं.

लांब, कर्कश बीप. मग पुन्हा. मग पुन्हा.

“आई गं,” शिवाण्णा म्हणाला. “आता तर बोंबच मारलालंय की हे.”

“मारू दे,” आप्पा म्हणाले. “बरं आहे.”

“बरं काय त्यात?”

“रॅम काढली, ते त्याला कळलं. तक्रार करतंय. ज्याला तक्रार करता येते त्याचा बोर्ड गेलेला नसतो.”

मग आप्पा उठले. शांभवीसमोर खाली बसले. तिला काही बोलले नाहीत. आपलं बोट स्पीकरच्या कागदावर टेकवलं, आणि तिच्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं.

ती बाईंना बिलगली. बराच वेळ तशीच राहिली. तोंडावरचा हात तसाच. मग दुसऱ्या हाताचं एक बोट हळूच पुढे आलं.

कागद थरथरला. तिनं बोट झटकन मागे घेतलं.

पुन्हा टेकवलं.

ती बाईंकडे वळली. डोळे मोठे झालेले. एका हाताच्या खुणेनं काहीतरी भराभर विचारलं.

“विचारते, हे काय बोलतंय?”

“सांगा तिला. माझी रॅम कुठाय, म्हणतंय.”

बाईंनी सांगितलं. शांभवीनं फडक्यावरची रॅम बघितली. मग रेवणकडे बघितलं. चोराकडे बघावं तसं.

शिवाण्णा हसला. रेवणही हसला असता. त्याला हसू आलं नाही.

त्यानं रॅम पुन्हा खोडरबरनं घासली, जागेवर बसवली. बटण दाबलं.

एकच बारीक बीप. पडद्यावर पांढरी अक्षरं आली. डिस्क सापडत नाही, अशी.

“हे झालं!” रेवण म्हणाला. “डिस्क काढल्यावरच उठलं, म्हणजे हार्ड डिस्क खराब. दुसरी डिस्क घेतो, केबलही बदलतो, आणि…”

आप्पांनी फक्त फडक्याकडे बघितलं.

रेवणनं केबल खाली ठेवली.

शेल्फवरून चांगली, तपासलेली डिस्क आणली. ती लावली. बटण दाबलं.

पंखा थरथरला. थांबला.

रेवण तसाच उभा राहिला. चांगली डिस्क लावली तरी मशीन उठत नव्हतं. म्हणजे डिस्कमध्ये बिघाड नव्हता. ओझं वाढलं की ते बसत होतं. आणि ओझं उचलायचं काम कुणाचं, हे त्याला पहिल्या वर्षी शिकवलं होतं.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

त्यानं डिस्क काढली. मग एसएमपीएसचे स्क्रू सोडवले. तो डबा फडक्यावर मावत नव्हता. चारी बाजूंनी बाहेर आला. तरी त्यावरच ठेवला.

“दुसरा कुठला लावू, आप्पा?”

“याचा स्वतःचा कुठे आहे?”

रेवणचा चेहरा उतरला.

मठात काही टाकत नाहीत. कोपऱ्यातल्या पेटीत जुने एसएमपीएस पडले होते. बाईंच्या शाळेचं नाव चिकटवलेला सापडायला वेळ लागला नाही. मागच्या वेळी त्यानंच तो काढून तिथे टाकला होता. न तपासता.

तो त्यानं लावला. मग शेल्फवरचं एकेक परत आणलं. शाळेची मूळ डिस्क. सीडीचा ड्राइव्ह. प्रत्येक वेळी बटण दाबलं. प्रत्येक वेळी मशीन उठलं.

शेवटी पडदा उजळला. हिरवी रेघ आली. सरळ.

बाईंनी पेटीकडे बघितलं. फडक्यावरच्या डब्याकडे बघितलं.

“म्हणजे ओ, रेवण सर… हा आमचा जुना चांगलाच होता?”

“हो.”

“मग काढलात कशाला?”

“…रॅम साफ करूनच चालू झाला असता. मी थांबलो नाही. चालू व्हावा म्हणून दोन्ही केलं.”

“आणि हा जो बसवलात तो?”

“हा कच्चा होता. गुरुवारी यानंच दम सोडला.”

बाई म्हणाल्या, “तुम्ही मन लावून करता, मला माहीत आहे. पण पोरगी पाच दिवस श्वास दाबून बसली हो.”

पुन्हा हॉर्न वाजला. लांबलचक.

“शिवाण्णा, जीप जाऊ द्या.”

“आणि तुमची पेटी? वर बांधलीय की त्यानं.”

“पेटी जाऊ द्या.”

शिवाण्णा गेला. परत आला, तेव्हा जीपचा आवाज ओढ्यापलीकडे गेला होता.

रेवण शांभवीकडे वळला. माइक पुढे केला. पडद्यावरच्या हिरव्या रेघेकडे बोट दाखवलं.

“बाई, सांगा तिला. दुरुस्त झालं. आता बोल म्हणावं.”

बाईंनी सांगितलं.

शांभवीनं मान हलवली. दुसरा हातही तोंडावर गेला. आणि ती मागे सरकली. भीतीनं नव्हे. दिव्याजवळून जाताना पदर आवरावा, तशी. त्या पडद्याला आपलं काही लागू नये म्हणून.

“चांगलं झालंय म्हणावं. मी स्वतः बघितलंय.”

बाईंनी पुन्हा सांगितलं. शांभवीनं एक हात क्षणभर काढला, खूण केली, परत ठेवला.

“म्हणते, मागच्या वेळीही सरांनी असंच सांगितलं होतं.”

रेवण खाली बसला. जमिनीवरच. त्याला सगळं येत होतं. बोर्डावरची रेघन् रेघ वाचता येत होती. या मुलीला पटेल असं एक वाक्य येत नव्हतं.

“आप्पा, मशीन चालू आहे. बिघाड सापडला. आता मी काय करू?”

“बंद पाड.”

“काय?”

“ते मशीन. बंद पाड.”

“आप्पा… आत्ता तर चालू झालंय.”

आप्पांनी फक्त शांभवीकडे बघितलं.

शिवाण्णा कुजबुजला, “आप्पांना ऊन लागलं काय ओ?”

रेवण आप्पांकडे बघत राहिला. मग शांभवीकडे. मग फडक्यावरच्या त्या डब्याकडे…

तो उठला.

चांगला एसएमपीएस काढून त्यानं फडक्यावर ठेवला. कच्चा आत बसवला. डिस्क, ड्राइव्ह, दोन्ही सोडवले. बोर्ड आणि रॅम एवढंच ओझं ठेवलं. तेवढं तो थोडा वेळ उचलू शकत होता.

बटण दाबलं. एक बीप. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं.

शांभवी बघत होती.

आप्पा तिच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी आपला उजवा तळवा उचलला आणि आपल्या तोंडावर ठेवला. घट्ट. तिनं ठेवला होता तसा.

शिवाण्णानं ते बघितलं. पळी खाली ठेवली. तोंडावर हात ठेवला.

बाईंनी ठेवला.

रेवणनं ठेवला.

खोलीत सगळी माणसं तोंडावर हात ठेवून एका पडद्याकडे बघत बसली. आत कुकरची शिट्टी झाली. कुणी हललं नाही. दारातून एक कुत्रं आलं, सगळ्यांकडे बघून निघून गेलं. पंखा फिरत होता. पांढरी अक्षरं होती तशी होती.

शांभवी एकदा पडद्याकडे बघे, एकदा चेहऱ्यांकडे. ओळीनं एकेका तोंडावरचा हात तपासे. शिवाण्णाची बोटं थोडी सैल होती. तिनं त्याच्याकडे रोखून बघितलं. त्यानं ती जुळवली.

बराच वेळ गेला.

रेवणच्या कपाळावर घाम आला. आयुष्यात पहिल्यांदा तो मशीन बंद पडावं म्हणून वाट बघत होता. आणि ते पडेना…

मग पंख्याचा सूर उतरला. अक्षरं एकदा थरथरली.

पडदा काळा झाला.

शांभवीनं सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं. एकही हात हललेला नव्हता. तिनं आपल्या तोंडावरचा हात दुसऱ्या हातानं चाचपून बघितला. तोही जागेवर होता.

ती उठली. पडद्याजवळ गेली. काळ्या काचेत वाकून बघितलं.

रेवणनं स्क्रू सोडवून डबा बाहेर काढला. तो गरम होता. दोन्ही हातांनी धरून तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. त्याला तिची भाषा येत नव्हती. त्यानं डबा दाखवला. मग मशीनमधली रिकामी जागा दाखवली. मग आपल्या छातीवर हात ठेवला. पुन्हा डबा. पुन्हा आपली छाती.

मी. हा मी बसवला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो नजर चुकवत नव्हता. त्याचे डोळे भरले होते, आणि तेही तो लपवत नव्हता.

तिनं बोट पुढे केलं. डब्याला लावून बघितलं. चटका बसला तसं मागे घेतलं. मग तेच बोट त्याच्या छातीवर टेकवलं, आणि भुवया उंचावल्या. तू?

त्यानं मान डोलावली. हो.

शांभवीचा हात तोंडावरून खाली आला.

ओठांच्या कडेला बोटांचे लाल वळ होते. तिनं मोठा श्वास घेतला. रेवणकडे बघतच होती.

“आ…”

खरखरीत. वर चढलेला, मध्येच तुटलेला. मग पुन्हा, लांब.

“आ… ई…”

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. शिवाण्णाचा हात अजून तोंडावरच होता. काढायचं तो विसरला होता.

पडदा काळा होता. रेघ नव्हती. डोंगर नव्हता.

रेवण धडपडत उठला. “थांब! थांबा, बाई, तिला थांबवा… चांगला एसएमपीएस आत्ता लावतो. मिनिटभर. तिला डोंगर दिसू दे.” त्याचा हात स्क्रू ड्रायव्हरकडे गेला.

आप्पांनी ते मनगट धरलं. शांभवी पडद्याकडे नव्हे, रेवणच्या तोंडाकडे बघत होती.

“आधी तिला उत्तर दे.”